पार्ली प्रॅटचा खून, १८५७: एका मॉर्मन पूर्वजाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

१३ मे १८५७ रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, व्हॅन ब्युरेन गावापासून सुमारे बारा मैलांवर, एका शेताजवळ पार्ली पार्कर प्रॅट याचा खून झाला. पार्ली पन्नास वर्षांचा होता. १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या पहिल्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे वरिष्ठ नेत्यांपैकी, एक, युटाच्या वाळवंटात वसाहत उभारणाऱ्या पहिल्या पिढीतला, बारा बायकांचा नवरा आणि तीस मुलांचा बाप. मारणारा हेक्टर मॅक्लीन हा पार्लीच्या बाराव्या पत्नीचा, एलिनॉरचा, पहिला नवरा. कायद्याच्या नजरेने तर तोच तिचा एकमेव नवरा होता, कारण त्या दोघांचा घटस्फोट झालेलाच नव्हता.

पार्लीचे वंशज आज हजारोंनी आहेत. २०१२ ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी हे त्याचे खापरपणतू. अनेक घराण्यांत या मृत्यूची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि बहुधा एकाच सुरात: श्रद्धेसाठी प्राण दिलेला प्रेषित. मॉर्मन वर्तुळाबाहेर तीच गोष्ट दुसऱ्याची बायको आणि मुले पळवणाऱ्याला मिळालेल्या शिक्षेची झाली. दोन्ही गोष्टींत एलिनॉर केवळ निमित्त म्हणून येते. माझ्या मते या प्रकरणाच्या केंद्रस्थानी तीच आहे, आणि पार्लीचा मृत्यू समजून घ्यायचा तर व्हॅन ब्युरेनच्या रस्त्यापेक्षा दीड वर्ष आधीच्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका विधीकडे पाहावे लागते.

इथे फक्त सार्वजनिक नोंदींत असलेल्या व्यक्तींची नावे घेतली आहेत. एलिनॉरची मुले आणि आजचे वंशज यांची नावे गाळली आहेत.

पार्श्वभूमी: पार्ली

पार्लीचा जन्म १२ एप्रिल १८०७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बर्लिंग्टन इथे झाला. घरची परिस्थिती बेताची, जमीन कर्जात गेलेली. वीस वर्षांचा असताना थँकफुल हॉल्सी हिच्याशी लग्न करून त्याने ओहायोच्या जंगलात झोपडी बांधली. १८३० मध्ये त्याच्या हाती नुकताच छापलेला मॉर्मन धर्मग्रंथ पडला आणि त्याने संसाराची घडीच बदलली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्याने बाप्तिस्मा घेतला आणि काही आठवड्यांतच पश्चिमेकडे धर्मप्रसाराला निघाला. थंडीवाऱ्यात पायी चालत हे लोक मिसुरीपर्यंत पोचले.

पुढची सत्तावीस वर्षे तो क्वचितच एका जागी राहिला. १८३५ मध्ये बारा प्रेषितांच्या मंडळात त्याची निवड झाली. १८३७ मध्ये पहिले मूल जन्मले आणि त्याच दिवशी थँकफुल वारली. १८३८ मध्ये मिसुरीत मॉर्मन आणि इतर वसाहतवाले यांच्यात रक्तपात झाला, गव्हर्नर बॉग्ज याने मॉर्मनांना राज्यातून हाकलण्याचा किंवा संपवण्याचा हुकूम काढला आणि पार्लीला तुरुंगात टाकले गेले. आठ महिन्यांनी, ४ जुलै १८३९ रोजी, तो तिथून पळाला. ही तुरुंगफोड त्याच्या वंशजांची लाडकी गोष्ट आहे. या प्रकरणापुरते तिचे महत्त्व असे, की न्यायालयावर विसंबून आपला निभाव लागत नाही हा धडा तो तेव्हाच शिकला होता.

नंतर इंग्लंड, तिथे पंथाच्या मासिकाचे संपादन, मग १८४४ मध्ये संस्थापक जोसेफ स्मिथ याचा जमावाकडून तुरुंगात झालेला खून, इलिनॉयमधून हकालपट्टी, आणि सप्टेंबर १८४७ मध्ये सॉल्ट लेकचे खोरे. रेल्वे येण्याआधी, म्हणजे १८६९ पूर्वी, जे या खोऱ्यात आले त्यांना मॉर्मन घराण्यांत पायोनियर म्हणतात आणि त्यांचे नाव अभिमानाने लावतात. पार्ली त्यांतला अगदी पहिल्या वर्षाचा. १८५१ मध्ये तो चिलीला धर्मप्रसारासाठी गेला. तिथे त्याचे तान्हे मूल दगावले. मॉर्मन प्रसारक त्याच सुमारास आपल्याकडेही आले होते. ह्यू फिंडले नावाचा प्रसारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यातही राहिला, पण हाती फार कोणी लागले नाही.

बहुपत्नीत्वाबद्दल इथेच सांगितले पाहिजे. पंथाने ही प्रथा उघडपणे जाहीर केली ती ऑगस्ट १८५२ मध्ये, आणि ते जाहीर भाषण केले पार्लीचा धाकटा भाऊ ऑर्सन याने. १८९० मध्ये पंथाने अशा नव्या विवाहांना मनाई जाहीर केली. म्हणजे एलिनॉर आणि पार्ली यांचे लग्न झाले तेव्हा युटात ते प्रतिष्ठेचे होते. उरलेल्या अमेरिकेत ते व्यभिचारात जमा होते.

पार्श्वभूमी: एलिनॉर आणि हेक्टर

एलिनॉर मॅकोम हिचा जन्म १८१७ चा, व्हीलिंग गावचा. १८४१ मध्ये तिचे हेक्टर मॅक्लीनशी लग्न झाले. दोघे काही काळ न्यू ऑर्लीन्सला राहिले, मग सोन्याच्या लाटेनंतर भरभराटलेल्या सॅन फ्रान्सिस्कोत आले. तिथे हेक्टर कस्टम हाउसमध्ये नोकरीला होता. त्यांना तीन मुले झाली. हेक्टरचे पिणे हा या संसारातला जुना काटा होता; तो पिऊन हात उगारत असे, असे एलिनॉरने नंतर लिहून ठेवले.

सॅन फ्रान्सिस्कोत ती मॉर्मनांच्या सभेला जाऊ लागली. हेक्टरने विरोध केला. एका रात्री, घरात मॉर्मन भजनांचे पुस्तक पाहून, त्याने तिला घराबाहेर ढकलून दार लावून घेतले. त्या रात्रीपासून आपण त्याची बायको राहिलो नाही, असे तिने पुढे सांगितले. हे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हाच आहे. ती घरात परतली, मुलांसाठी राहिली, पण मनाने ते लग्न संपलेले होते. मे १८५४ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची परवानगी असल्याशिवाय विवाहित स्त्रीला पंथात घ्यायचे नाही असा स्थानिक मॉर्मनांचा शिरस्ता होता, आणि हेक्टरने तशी लेखी परवानगी दिली होती. पुढे त्याने बाप्तिस्मा देणाऱ्यालाही मारण्याची धमकी दिली.

पार्ली त्या वर्षी प्रसारक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत आला. त्याची एक पत्नी एलिझाबेथ त्याच्याबरोबर होती. एलिनॉर या कुटुंबाला मदत करत असे. या काळात तिच्यात आणि पार्लीत काय नाते होते यावर पुढे वर्तमानपत्रांनी खूप शाई सांडली. नोंदींवरून दिसते ते एवढेच, की हेक्टरचा संशय पार्लीवर स्थिरावला.

१८५५ च्या आरंभी हेक्टरने एलिनॉरला न सांगता मुलांना जहाजात बसवून न्यू ऑर्लीन्सला तिच्या आईवडिलांकडे पाठवून दिले. तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याचाही त्याने प्रयत्न केला, असे तिचे कथन आहे. ती मुलांच्या मागोमाग न्यू ऑर्लीन्सला गेली. आईवडिलांनी तिला घरात घेतले, पण मुलांना घेऊन जाऊ दिले नाही. मुलांशिवायच ती एका मॉर्मन काफिल्याबरोबर स्वयंपाक करत युटाला पोचली. तिथे पार्लीच्या घरी त्याच्या मुलांना शिकवू लागली, आणि १४ नोव्हेंबर १८५५ रोजी पंथाचा प्रमुख ब्रिगम यंग याने पार्ली आणि एलिनॉर यांचे लग्न लावले.

नेमका पेच

त्या काळच्या अमेरिकी कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नव्हतेच. मुलांवर पहिला हक्क बापाचा. बाप पिणारा असो, मारणारा असो, मूल कुठे राहील हे तो ठरवी. त्यामुळे हेक्टरने मुलांना हजारो मैल दूर पाठवले तेव्हा त्याने कायदा मोडला नाही, आणि एलिनॉरने त्यांना परत आणायचे ठरवले तेव्हा ती मुलांना पळवणारी ठरली.

युटात वेगळेच चालत होते. तिथे धर्मसत्ता आणि राज्यसत्ता एकाच हातात होत्या. नवरा बायकोशी क्रूर वागला आणि तिच्या श्रद्धेच्या आड आला तर ते लग्न टिकवण्याचे बंधन तिच्यावर नाही, अशी तिथली सर्वमान्य समजूत होती. युटातल्या एलिनॉरच्या शेजाऱ्यांना तिचे दुसरे लग्न खटकण्यासारखे वाटलेच नसावे.

आणि तिसरी एक गोष्ट होती, कुठल्याही पुस्तकात न लिहिलेली. बायकोला नादी लावणाऱ्याला नवऱ्याने मारले तर न्यायालयातल्या पंचांनी (ज्युरीने) त्याला सोडून द्यायचे. दक्षिणेकडच्या राज्यांत हे जवळपास गृहीतच होते, पण फक्त तिथेच नव्हे. पार्लीनंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १८५९ मध्ये, काँग्रेसचा सदस्य डॅनियल सिकल्स याने राजधानी वॉशिंग्टनमध्ये भर रस्त्यात आपल्या बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि तो निर्दोष सुटला. हेक्टरला या अलिखित नियमाचा भरवसा होता.

या तीन व्यवस्थांच्या मधल्या फटीत एलिनॉर उभी होती. युटात ती पार्लीची पत्नी होती. युटाची सीमा ओलांडली की ती हेक्टरची.

कोणासमोर कोणते पर्याय होते

एलिनॉरचे पर्याय आधी पाहू. कॅलिफोर्नियात १८५१ पासून घटस्फोटाचा कायदा होता आणि त्यात अतिक्रूर वागणूक व अट्टल दारूबाजी ही कारणे मान्य होती. कागदावर तिला वाट मोकळी होती. प्रत्यक्षात तिथे खटला लढायचा तर हातात पैसा, साक्षीदार आणि राहायला छप्पर हवे. यांतले काहीही तिच्याकडे नव्हते. शिवाय नव्या पंथाच्या नादाला लागलेल्या बाईच्या बाजूने पंच उभे राहण्याची शक्यता कमी, आणि मुले तिच्याकडे देण्याची त्याहून कमी. तिने तो मार्ग धरला नाही याबद्दल मला तिला दोष द्यावासा वाटत नाही.

युटातला पर्याय मात्र वेगळा होता. युटा प्रदेशाच्या १८५२ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक न्यायालयांना घटस्फोट देण्याचा अधिकार होता. अर्जदार तिथला रहिवासी असावा, किंवा रहिवासी होण्याची त्याची इच्छा असावी, एवढीच अट. देशभर हा कायदा अतिसैल म्हणून बदनाम होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर १८५५ या काळात एलिनॉर सॉल्ट लेक सिटीत होती. अर्ज केला असता तर लग्नाआधी तिच्या हातात न्यायालयाचा कागद आला असता. तसा अर्ज झाला नाही. तिच्या मते ते लग्न त्या रात्री दाराबाहेरच संपले होते, आणि धर्मगुरूंच्या मते धर्मविधी पुरेसा होता.

पार्लीचा निर्णय इथे सर्वांत वजनदार. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा, जग पाहिलेला, तुरुंग भोगलेला माणूस. हेक्टरचा स्वभाव आणि धमक्या त्याने सॅन फ्रान्सिस्कोत जवळून पाहिल्या होत्या. त्याच्यासमोर लग्न न करता एलिनॉरला आश्रय देण्याचा पर्याय होता. ती त्याच्या घरी शिक्षिका होतीच. लग्न करायचे तर आधी दिवाणी घटस्फोट मिळवण्याचाही पर्याय होता. आणि लग्न झाल्यावर युटातच राहण्याचा. त्याने तिन्ही सोडले. पंथाच्या दृष्टीने तो काही चुकीचे करत नव्हता, हे खरे. पण पंथाबाहेरच्या जगात आपल्याला पुन्हा जावे लागणार आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

हेक्टरसमोरही पर्याय होते. बायकोने दुसरे लग्न केले या एका गोष्टीवर त्याला कोणत्याही न्यायालयात घटस्फोट सहज मिळाला असता, आणि मुले तर त्याचीच होती. त्याचा अपमान झाला होता, त्याला राग येणे समजण्यासारखे आहे. पण मुले परत मिळाल्यावर, आरोपी तुरुंगात असताना, न्यायाधीश समोर बसलेला असताना त्याने जे केले ते संतापाच्या भरातले कृत्य म्हणता येत नाही.

काय घडले: न्यू ऑर्लीन्स ते व्हॅन ब्युरेन

सप्टेंबर १८५६ मध्ये पार्ली पूर्वेकडच्या राज्यांत प्रसारासाठी निघाला. एलिनॉर बरोबर निघाली ती मुलांसाठी. वाटेत दोघे वेगळे झाले आणि ती न्यू ऑर्लीन्सला गेली. आपण मॉर्मन पंथ सोडला आहे, असे तिने आईवडिलांना सांगितले. त्यांचा विश्वास बसला आणि मुले तिच्या ताब्यात आली. तिने त्यांना घेऊन टेक्सस गाठले आणि तिथून उत्तरेकडे, इंडियन टेरिटरीच्या (मूलनिवासी जमातींसाठी राखलेल्या प्रदेशाच्या) दिशेने, युटाकडे जाणाऱ्या काफिल्याला गाठायला निघाली.

खोटे बोलून मुलांना नेले, हा तिच्यावरचा सर्वांत मोठा आरोप राहिला, आणि तो खराच होता. पण हेक्टरनेही मुलांना तिच्यापासून असेच गुपचूप नेले होते. त्यासाठी त्याला खोटे बोलावे लागले नाही कारण कायदा त्याच्या बाजूचा होता. आजी-आजोबांनी हेक्टरला कळवले. तो सॅन फ्रान्सिस्कोहून आला आणि शोध सुरू झाला.

पार्ली तेव्हा पूर्वेकडे होता. हेक्टर आपल्या मागावर आहे हे कळल्यावर तो लपतछपत राहू लागला. दोघेही पार्कर या आडनावाने वावरत होते. पार्लीने एलिनॉरला टेक्ससच्या पत्त्यावर पत्रे लिहिली, कुठे भेटायचे ते सांगणारी. ती हेक्टरच्या हाती पडली. खोटे नाव घेणारा माणूस मार्ग मात्र टपालाने पाठवतो, ही या सबंध हालचालीतली सर्वांत ठिसूळ कडी.

मे १८५७ च्या आरंभी इंडियन टेरिटरीत एलिनॉर आणि मुले पकडली गेली, आणि पार्लीही. मुले लगेच हेक्टरच्या ताब्यात दिली गेली. पार्लीवर आरोप कसला ठेवला हे वाचून थबकायला होते: मुलांच्या अंगावरच्या कपड्यांची चोरी. आईने स्वतःची मुले नेली, यात दाखल करता येईल असा संघराज्याचा गुन्हा सापडेना, म्हणून बापाच्या मालकीचे कपडे चोरल्याचा गुन्हा. इंडियन टेरिटरीवर आर्कान्साच्या पश्चिम जिल्ह्याच्या संघीय न्यायालयाचा अधिकार चाले आणि ते न्यायालय व्हॅन ब्युरेनला बसे. म्हणून लष्करी पहाऱ्यात सगळ्यांना तिथे आणले.

न्यायाधीश जॉन ऑग्डेन याने आधी एलिनॉरला विचारपूस केली. तिची हकिगत ऐकून त्याचे मत तिच्या बाजूने झुकले आणि त्याने तिला सोडले. पार्लीची सुनावणी सुरू झाली तेव्हा गावात शेकडो लोक जमले होते. हेक्टरने एलिनॉरची आणि पार्लीची पत्रे वाचून दाखवून जमावाला चेतवले. तत्कालीन कथनांनुसार त्याने न्यायालयातच पिस्तुलाला हात घातला. ऑग्डेनने सुनावणी पुढे ढकलली. पार्लीविरुद्ध टिकेल असा पुरावा नाही, हे त्याला दिसत होते. जमाव काय करील हेही दिसत होते.

१३ मेच्या पहाटे त्याने पार्लीचा घोडा तुरुंगापाशी आणवला आणि त्याला गुपचूप मोकळे केले. जवळ ठेवायला सुरा आणि पिस्तूलही देऊ केले. पार्लीने नाकारले. आपला भरवसा असल्या शस्त्रांवर नसून देवावर आहे, अशा अर्थाचे तो बोलला. मग तो एकटा निघाला. वाट वळणावळणाची घेतली, पण रात्रीच्या पावसाने माती ओली होती आणि घोड्याचे माग उमटत गेले, असे सांगतात.

हेक्टरने आणखी दोघांसह त्याला गाठले. घोड्यावरून सहा गोळ्या झाडल्या; एकही वर्मी लागली नाही. मग जवळ जाऊन छातीत सुरा खुपसला. पार्ली घोड्यावरून कोसळला. हेक्टर निघून गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने पडलेल्या माणसाच्या मानेत गोळी घातली. हे सारे विन नावाच्या शेतकऱ्याच्या घराजवळ घडले. विन आणि शेजारी घाबरत जवळ आले तेव्हा पार्ली शुद्धीत होता. त्याने पाणी मागितले, आपण कोण ते सांगितले, आपल्या माणसांना कळवायला सांगितले. रक्त वाहून तो काही वेळाने गेला.

एलिनॉर आणि जॉर्ज हिगिन्सन नावाचा मॉर्मन सहकारी व्हॅन ब्युरेनहून तिथे आले. तिने प्रेत आवरले आणि जवळच्या दफनभूमीत त्याला पुरले.

परिणाम

हेक्टरवर कधीच खटला चालला नाही. गावातल्या प्रतिष्ठितांनी त्याला साथ दिली, तो मुलांसह बोटीने न्यू ऑर्लीन्सला गेला. आपण काय केले ते त्याने लपवले नाही. उलट जाहीरपणे मिरवले. देशभरातल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी त्याची पाठ थोपटली.

एलिनॉर जुलै १८५७ च्या अखेरीस युटाला पोचली. अमेरिकी सैन्य युटावर चालून येत आहे ही बातमी ज्यांनी आणली, त्याच काफिल्यातून ती आली. प्रेषिताच्या खुनाची बातमी त्याआधीच पोचली होती. युटात भीती, संताप आणि युद्धाची तयारी एकत्र पेटली. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज इथे मॉर्मन मिलिशियाच्या लोकांनी, पायूट या स्थानिक मूलनिवासी जमातीतल्या काही साथीदारांसह, आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका काफिल्यातल्या सुमारे १२० जणांची कत्तल केली. लहानगी सतरा मुले तेवढी वाचली.

हा काफिला आर्कान्साचा होता म्हणून त्याचा पार्लीच्या खुनाशी संबंध लावला गेला, आणि अजूनही लावला जातो. तारखा पाहाव्यात: काफिल्याने आर्कान्सा सोडले एप्रिलमध्ये, पार्ली मारला गेला मेमध्ये. त्या स्त्री-पुरुषांचा या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता. कत्तलीमागे प्रामुख्याने येऊ घातलेल्या सैन्याची धास्ती आणि स्थानिक मॉर्मन नेत्यांचे निर्णय होते. पार्लीच्या मृत्यूने पेटलेल्या मनांत आणखी तेल ओतले. या कत्तलीसाठी फक्त जॉन डी. ली या एकाच माणसाला, तेही वीस वर्षांनी, १८७७ मध्ये, गोळ्या घातल्या गेल्या. पार्लीच्या कुटुंबाचा इतिहास लिहिताना हे मृत विसरले जातात. ते विसरता कामा नयेत.

एलिनॉर सॉल्ट लेक सिटीत शाळा चालवत राहिली आणि १८७४ मध्ये वारली. पार्लीचे आत्मचरित्र त्याच्या मुलाने त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

मृत्यूनंतर १५१ वर्षांनी, २००८ मध्ये, वंशजांनी आर्कान्सातल्या न्यायालयाची परवानगी घेऊन कबर उघडली. आपल्याला युटात, आपल्या माणसांजवळ पुरावे, अशी पार्लीची शेवटची इच्छा होती असे घराण्यात सांगितले जाई. पुरातत्त्वज्ञांनी खोदून पाहिले. अवशेष सापडले नाहीत. स्मारक आर्कान्सातच राहिले.

वेगळे काय करता आले असते

पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा वळणबिंदू नोव्हेंबर १८५५ चा. युटातल्या न्यायालयातून घटस्फोट घेऊन मग लग्न लावले असते तर? हेक्टर थांबला असता असे मी म्हणणार नाही. आर्कान्साच्या न्यायालयाने युटाचा कागद मानलाच असता असेही नाही. पण ऑग्डेनसारख्या सहानुभूती असलेल्या न्यायाधीशाच्या हातात काहीतरी ठोस आले असते, आणि वर्तमानपत्रांना ‘दुसऱ्याची बायको’ एवढे सरळ लिहिता आले नसते. ब्रिगम यंग हा त्या प्रदेशाचा गव्हर्नरही होता. घटस्फोटाचा कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला होता. विधी लावणाऱ्यालाच तो कायदा वापरावासा वाटला नाही, यात पंथाच्या नेतृत्वाची जबाबदारी पार्लीइतकीच येते.

दुसरा बिंदू पार्लीने स्वतः जाण्याचा. हेक्टर त्याला शोधत होता, एलिनॉरच्या वाटेवर पार्ली नसता तर तिथे पकडायला फक्त ती आणि मुले असती. हिगिन्सन त्या भागात होताच. काफिल्यातला कोणी अनोळखी माणूस तिला गाठू शकला असता. पत्रात भेटीची जागा लिहिण्याऐवजी निरोप्याकरवी सांगता आली असती. या तपशिलात पार्लीचा स्वभाव दिसतो. आयुष्यभर तो स्वतः पुढे होऊन गेला होता, आणि तेवढ्याच विश्वासाने इथेही गेला. पण हिंडत्या प्रसारकाचा धीर आणि लपून राहणाऱ्याची सावधगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा बिंदू ऑग्डेनचा. त्याच्याबद्दल आदर वाटतो; त्या गावात त्या दिवशी एलिनॉरचे ऐकून घेणारा अधिकारी तो एकटाच. पण ज्या माणसाला लष्करी पहाऱ्यात आणले त्याला पहाऱ्याशिवाय सोडणे ही त्याची चूक होती. फोर्ट स्मिथचे लष्करी ठाणे काही मैलांवर होते. न्यायालयात धमकावणाऱ्या हेक्टरला दोन दिवस जामिनात अडकवणेही त्याच्या अधिकारात होते. त्याने जमावाला चुकवायचे ठरवले आणि आरोपीच्या घोड्याच्या पायांवर भिस्त ठेवली.

शस्त्र नाकारण्याबद्दल वंशजांत सर्वांत जास्त बोलले जाते. माझ्या मते तो निर्णयाचा बिंदूच नव्हे. तिघांविरुद्ध एका पिस्तुलाने निकाल बदलला असता असे वाटत नाही, आणि त्या माणसाची श्रद्धा त्या क्षणी त्याच्याबरोबर होती एवढे मानून पुढे जावे.

एलिनॉरने आईवडिलांना खोटे सांगितले नसते तर मुले तिला कधीच मिळाली नसती. मग तिने काय करायला हवे होते? आपण तिच्यासाठी एखादी सभ्य वाट शोधायला गेलो तर १८५६ च्या कायद्यात ती सापडत नाही. मुलांना सोडून द्यायचे किंवा पळवायचे, दोनच. म्हणून तिच्या वागण्याचा हिशेब करताना आधी त्या कायद्याचा करावा.

वंशजांच्या नोंदवहीत

मॉर्मन पंथात पूर्वजांची नोंद ठेवणे हे धर्मकार्य आहे. पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्म्यासारखे विधी करता येतात अशी श्रद्धा असल्याने त्यांनी १८९४ मध्ये वंशावळ संस्था काढली, आणि पुढे जगभरातले दस्तऐवज चित्रित केले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे जशा घराण्यांच्या पिढ्या सापडतात, तशा पार्लीच्या पिढ्या सॉल्ट लेक सिटीत सापडतात. फरक इतकाच, की या लोकांकडे रोजनिशा, पत्रे आणि साक्षीही जपलेल्या असतात. त्यामुळे हे प्रकरण नीट लिहायला साधन कमी नाही. एलिनॉरचे स्वतःचे सविस्तर लेखी कथन आहे. हेक्टरने वर्तमानपत्रांना दिलेला मजकूर आहे. घराण्याच्या पुस्तकात पार्लीच्या पानावर हे दोन्ही शेजारी छापावेत, एकाला परिशिष्टात ढकलू नये.

एक अडचण मात्र वेगळ्या जातीची आहे. पार्ली आणि एलिनॉर यांना मूल झाले नाही. पार्लीच्या हजारो वंशजांपैकी एकाच्याही अंगात तिचे रक्त नाही, म्हणून त्या घराण्यात तिची बाजू आपली समजून सांगणारे कोणी उरले नाही. तिचे रक्ताचे वारस असतील ते मॅक्लीन घराण्यात, म्हणजे हेक्टरचेही. दोन्ही वंशवृक्षांत नाव येते ते फक्त तिचे. प्रॅट घराण्यातल्या ज्या कोणाला हे प्रकरण पुन्हा लिहायचे असेल, त्याने लेखणी उचलण्याआधी मॅक्लीन घराण्यातल्या कोणाला तरी शोधून काढावे आणि एलिनॉरबद्दल तिथे काय सांगितले जाते ते आधी ऐकावे.